एका माणसाला ऐकवायची गाणी : प्रस्तावना

1951 साली टेक्ससचा गायक बिग बिल लिस्टर याला पिण्यावरचं एक गाणं हवं होतं. कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीला त्याच्याकडून तसलंच काहीतरी पाहिजे होतं आणि हाताशी काहीच नव्हतं. लिस्टर तेव्हा कंट्री गायक-गीतकार हँक विल्यम्सच्या ताफ्यात गिटार वाजवायचा. त्याची अडचण कळल्यावर हँकने त्याच्या हातात एक ॲसिटेट तबकडी ठेवली. तिच्यावर एक गिटार आणि हँकचा आवाज, एवढंच. गाण्याचं नाव 'देअर्स अ टिअर इन माय बिअर'. लिस्टरने ते ऐकून बसवलं, आपल्या आवाजात रेकॉर्ड केलं, ते बाजारात आलं आणि विसरलंही गेलं. तबकडी लिस्टरच्या घरी पडून राहिली.

हँक 1 जानेवारी 1953 ला वारला, अवघ्या 29व्या वर्षी. त्याचा मुलगा तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. पुढे तीन दशकं उलटून गेल्यावर लिस्टरने ती तबकडी या मुलाच्या, म्हणजे हँक विल्यम्स ज्युनिअरच्या हवाली केली. ज्युनिअर एव्हाना स्वतःच बडा गायक झाला होता. त्याने वडिलांच्या आवाजाभोवती नवा वाद्यमेळ उभा केला, काही ओळी स्वतः गायल्या आणि 1989 मध्ये बापलेकाचं द्वंद्वगीत सिंगल म्हणून काढलं. व्हिडिओसाठी जुन्या टीव्ही फितीतल्या हँकच्या ओठांची हालचाल बदलली, म्हणजे तो हेच गाणं गातोय असं वाटावं. या द्वंद्वगीताला ग्रॅमी मिळालं. एका दोस्ताची नड भागवायला गायलेलं गाणं सगळ्या अमेरिकेने ऐकलं.

त्या तबकडीवर जे होतं त्याला डेमो म्हणतात. गीतकाराने गाणं लिहिलं की ते कुणाला तरी ऐकवावं लागतं: गायकाला, निर्मात्याला, कंपनीतल्या गाणी निवडणाऱ्या माणसाला. त्या ऐकवण्यापुरतं केलेलं कामचलाऊ ध्वनिमुद्रण म्हणजे डेमो. मग गायक ते गाणं घेतो, नामांकित वादक बसतात, निर्माता त्याला आकार देतो आणि रेडिओसाठी जे बाहेर पडतं ते सिंगल. श्रोत्यांना सिंगल पाठ असतं. डेमो कपाटात राहतो. हे पुस्तक या दोन ध्वनिमुद्रणांच्या मधल्या अंतराविषयी आहे आणि ते अंतर मोजण्यासाठी त्याने अमेरिकी कंट्री संगीत निवडलं, यात नवल नाही. गाणं लिहिणारा आणि गाणारा यांच्यातली वाटणी इतकी पक्की, इतकी जुनी आणि इतकी उघड दुसऱ्या कुठल्या लोकप्रिय संगीतात क्वचितच सापडेल. आपल्या चित्रपटसंगीतात डमी ट्रॅक असतात, पण ते स्टुडिओबाहेर सहसा जात नाहीत. कंट्री संगीताची राजधानी असलेल्या टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये डेमो हाच एक धंदा होता.

मराठी वाचकाला कंट्री संगीत म्हटलं की बहुधा 'टेक मी होम, कंट्री रोड्स' आठवतं. कॉलेजच्या सहलीत गिटार घेऊन आलेला एखादा तरी ते वाजवतोच. पण हे गाणं जॉन डेन्व्हरसाठी लिहिलेलं नव्हतं, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असतं? बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट या जोडीला ते मेरिलँडमधल्या एका रस्त्यावर गाडी चालवताना सुचलं. गाण्यातलं वेस्ट व्हर्जिनिया त्यांनी पाहिलेलंही नव्हतं. गाणं जॉनी कॅशला द्यावं असा त्यांचा बेत होता. डिसेंबर 1970 च्या अखेरीस वॉशिंग्टनच्या सेलर डोअर क्लबमध्ये डेन्व्हरचे कार्यक्रम होते. तेव्हा एका रात्री त्यांनी ते अर्धवट गाणं त्याला ऐकवलं, तिघांनी मिळून पहाटेपर्यंत पुरं केलं, आणि डेन्व्हरने लगेचच ते त्याच क्लबमध्ये गायलं. 2014 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने त्याला राज्यगीतांमध्ये स्थान दिलं. इथे डेमो म्हणजे कुणाच्या तरी घरातलं रात्रीचं गाणं होतं, टेपवर आलेलं नव्हतं. पण एक ऐकवणारा आणि दुसरा ऐकून 'हे मला दे' म्हणणारा, हा व्यवहार तोच.

ही देवघेव कशी चालते ते एकदा समजून घेतलं तर पुढची पानं सोपी जातील. 1942 मध्ये गायक रॉय एकफ आणि गीतकार फ्रेड रोझ यांनी नॅशव्हिलमध्ये एकफ-रोझ ही प्रकाशनसंस्था काढली. इथे प्रकाशन म्हणजे गाण्यांचं: संस्था गीतकाराला बांधून घेते, त्याची गाणी गायकांपर्यंत पोचवते आणि मानधनात वाटा घेते. हँक विल्यम्स याच संस्थेचा. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या रेकॉर्ड कंपनीने संस्थेकडचे त्याचे डेमो काढून त्यांवर वाद्यं चढवली आणि नवी गाणी म्हणून बाजारात आणली. डेमो हा माल आहे हे व्यवसायाला तेव्हाच कळलं होतं. 1950 च्या दशकाच्या मध्यावर ओवेन आणि हॅरल्ड या ब्रॅडली बंधूंनी 16व्या अव्हेन्यूवर स्टुडिओ थाटला. हळूहळू आसपासच्या जुन्या घरांत प्रकाशकांची दुकानं लागली आणि त्या वस्तीला म्युझिक रो हे नाव पडलं.

तिथल्या बोलीत चार शब्द सतत येतात. गाणं घेऊन दारोदार फिरणारा तो 'साँगप्लगर'. ऐकवणं म्हणजे 'पिच'. गायकाला आवडलं आणि 'सध्या दुसऱ्या कुणाला देऊ नका' असं त्याने सांगितलं की गाणं 'होल्ड'वर. प्रत्यक्ष रेकॉर्ड झालं की 'कट'. होल्डवर महिनोन् महिने लटकून गाणं परत आल्याच्या कहाण्या प्रत्येक गीतकाराकडे असतात आणि त्या तो आवंढा गिळूनच सांगतो.

मागे पैशाचं गणित आहे. अमेरिकी रेडिओवर गाणं वाजलं की मोबदला गीतकाराला आणि प्रकाशकाला मिळतो, गायकाला नाही. विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे गाण्याला ठरावीक दर असतो. 1909 च्या कायद्याने तो 2 सेंट ठरवला आणि 1977 संपेपर्यंत तो तेवढाच राहिला. 2023 मध्ये तो 12 सेंट झाला. शिवाय गाणं पहिल्यांदा कोण रेकॉर्ड करणार हे ठरवायचा हक्क गीतकाराच्या बाजूला असतो. एकदा बाजारात आलं की मग ठरलेला दर भरून कुणीही गावं. म्हणून पहिला कट महत्त्वाचा, आणि तो मिळवायचं हत्यार डेमो.

डेमोच्या रेकॉर्डिंगचा स्वतःचा शिरस्ता पडला. तीन तासांच्या एका बैठकीत चार-पाच गाणी उरकायची, वादकांना युनियनने ठरवलेला डेमोचा कमी दर द्यायचा. नोटेशन लिहायला वेळ कुणाला? जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूजने 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरांना आकड्यांनी दाखवायची युक्ती काढली. कॉर्डचं नाव लिहायचं नाही, ती पट्टीतली पहिली, चौथी की पाचवी एवढाच आकडा लिहायचा. आपल्या सरगमसारखंच हे, सा कुठेही धरा. गायिकेला पट्टी चढी वाटली की कागद तोच, वादक फक्त जागा बदलतात. आजही नॅशव्हिलच्या स्टुडिओत हेच आकडे चालतात.

या सगळ्याचं सर्वांत प्रसिद्ध फळ 'क्रेझी'. त्यापाशी थोडं थांबायला हवं.

विली नेल्सन 1961 मध्ये पॅम्पर म्युझिक या प्रकाशनसंस्थेत आठवड्याला 50 डॉलरवर गाणी लिहीत होता. ही नोकरी त्याला हँक कॉक्रन या मित्र-गीतकारामुळे मिळाली. कॉक्रनने स्वतःला मिळणारी पगारवाढ सोडली आणि ते पैसे विलीला द्यायला लावले. याआधी टेक्ससमध्ये विलीने 'नाइट लाइफ'सारखं गाणं 150 डॉलरला कायमचं विकून टाकलं होतं, यावरून त्याच्या खिशाची कल्पना यावी. 'क्रेझी' त्याने आधी गायक बिली वॉकरला देऊ केलं. त्याने नाही म्हटलं. मग एका रात्री टुट्सीज ऑर्किड लाउंज या दारूच्या अड्ड्यावर गायिका पॅट्सी क्लाइनचा नवरा चार्ली डिक याने विलीचा डेमो ऐकला आणि तो मध्यरात्रीनंतर विलीला घेऊनच घरी गेला. एवढ्या अपरात्री आत जायचा विलीला संकोच, तो गाडीतच बसून राहिला. पॅट्सीने बाहेर येऊन त्याला घरात नेलं.

गाणं मात्र तिला आवडलं नाही. निदान विलीने गायलेलं नाही. विली ठेक्याच्या मागे रेंगाळतो, मध्येच बोलल्यासारखा म्हणतो, चार शब्द एकदम टाकून मोकळा होतो. हा डेमो आज ऐकायला मिळतो. 2003 मध्ये शुगर हिल कंपनीने त्याचे त्या काळचे डेमो एकत्र काढले, त्यात तो आहे. ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं की पॅट्सीची तक्रार रास्त होती. हे गायन एका विशिष्ट घशापुरतं आहे, ते दुसऱ्याला उचलता येत नाही. शिवाय तीन कॉर्डवर निभावणाऱ्या कंट्रीच्या मानाने गाण्याच्या कॉर्ड अवघड, जॅझच्या वळणाच्या.

पुढची अडचण शरीराची होती. 14 जून 1961 ला पॅट्सीच्या गाडीला समोरासमोर धडक बसली होती. ती कशीबशी वाचली. 21 ऑगस्टला ती ब्रॅडलीच्या क्वॉन्सेट हट स्टुडिओत आली तेव्हा कुबड्यांवर होती. फासळ्या दुखत होत्या आणि वरचे सूर धरायला लागणारा दम भरता येत नव्हता. एरवी तीन तासांत तीन-चार गाणी होत. त्या दिवशी चार तास एकाच गाण्यावर गेले. ओवेन ब्रॅडलीने मग त्या काळी नॅशव्हिलमध्ये सर्रास न होणारी गोष्ट केली. वाद्यवृंद पुरा रेकॉर्ड करून ठेवला आणि पॅट्सीला घरी पाठवलं. काही आठवड्यांनी ती परत आली आणि त्या तयार संगीतावर एकाच दमात गाऊन गेली.

आता डेमोनंतर लगेच ते सिंगल लावावं. फ्लॉइड क्रेमरचा पियानो, शेजारच्या पट्टीवरून घसरत सुरावर येणारा. जॉर्डनेअर्सचे मागचे मऊ आवाज. विली जिथे वाक्य अर्धवट सोडतो तिथे पॅट्सी सूर लांबवते. तरीही त्याचं रेंगाळणं पुरतं गेलेलं नाही. काही शब्दांवर ती ठेक्याच्या किंचित मागे येते, आणि हे तिच्या आधीच्या गाण्यांत इतकं नसतं. तिने लकब टाकली, तिच्यामागची वेळेची जाण ठेवली. ऑक्टोबर 1961 मध्ये आलेलं हे सिंगल कंट्रीच्या यादीत दुसऱ्या आणि पॉपच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेलं. दीड वर्षातच, 5 मार्च 1963 ला, पॅट्सी विमान अपघातात गेली.

इथे या पुस्तकाचा मुख्य मुद्दा येतो. डेमो हा कच्चा सिंगल नव्हे. त्याचा श्रोताच वेगळा. सिंगल गर्दीसाठी असतं. डेमो ऐकणारा एक माणूस असतो, आणि तो रसिक म्हणून ऐकत नसतो, गाणं घ्यायचं की नाही ठरवत असतो. त्याला गाणं दिसलं पाहिजे, पण त्याच्या स्वतःच्या आवाजाला त्यात जागाही राहिली पाहिजे. डेमो फार बरा झाला तरी पंचाईत, फार भिकार झाला तरी पंचाईत. कोण ऐकणार याचा अंदाज बदलत गेला तसे डेमोचे संप्रदायही बदलत गेले.

पहिला संप्रदाय गिटार आणि गळ्याचा. क्रिस क्रिस्टोफरसन त्यातला अर्क. ऑक्सफर्डचा र्‍होड्स स्कॉलर, लष्करात हेलिकॉप्टर चालवणारा हा माणूस 1965 मध्ये सगळं सोडून नॅशव्हिलला आला आणि कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत झाडूपोचा करू लागला. जॉनी कॅशच्या अंगणात हेलिकॉप्टर उतरवून त्याने डेमो दिला, ही दंतकथा कॅश रंगवून सांगायचा. क्रिस्टोफरसनने नंतर सांगितलं की कॅश तेव्हा घरीच नव्हता. क्रिस्टोफरसनचे 1968 ते 1972 चे प्रकाशकांसाठीचे डेमो 2010 मध्ये संग्रहरूपाने आले. त्यातला आवाज खरबरीत, सूर डळमळता. 'संडे मॉर्निंग कमिंग डाउन' आधी रे स्टीव्हन्सने गायलं, मग 1970 मध्ये कॅशने गाऊन पहिल्या क्रमांकावर नेलं. 'मी अँड बॉबी मगी' 1969 मध्ये रॉजर मिलरने गायलं. जॅनिस जॉप्लिनने 1970 मध्ये मृत्यूच्या काही दिवस आधी ते रेकॉर्ड केलं आणि गाण्यातल्या मुलीचा मुलगा केला. तिच्या या ध्वनिमुद्रणाचा पत्ता क्रिस्टोफरसनला ती गेल्यावर लागला. डेमोत जागा ठेवली की कोण कुठून आत येईल सांगता येत नाही, याचा याहून मोठा दाखला नाही.

दुसरा संप्रदाय 1980 आणि 90 च्या दशकांचा. पूर्ण बँड, झकपक ध्वनी, आणि भाड्याने आणलेला गायक. गीतकाराच्या आवाजाऐवजी, गाणं ज्याला द्यायचं त्या गायकाच्या ढंगात कुणी तरी गायचं. जॉर्ज स्ट्रेटला पिच करायचं असेल तर स्ट्रेटसारखं. या गिरणीतून किती तरी गळे पुढे आले: जो डिफी, ट्रिशा यरवूड. गार्थ ब्रूक्स आणि यरवूड यांची ओळखही गीतकार केंट ब्लेझीकडे डेमो गातानाच झाली.

ब्रूक्सची 'फ्रेंड्स इन लो प्लेसेस'ची हकिकत तर या पद्धतीची गंमत आणि उलटी बाजू दोन्ही दाखवते. अर्ल बड ली आणि ड्वेन ब्लॅकवेल या गीतकारांना गाण्याचं बीज हॉटेलात मिळालं. जेवण झालं, खिशात पैसे नाहीत, आणि ली म्हणाला की स्वयंपाकघरातला माणूस माझ्या ओळखीचा आहे. 1989 मध्ये, पहिला अल्बम येण्याआधी, ब्रूक्सने त्याचा डेमो पगारी गायक म्हणून गायला. पण गाणं त्याच्या डोक्यातून जाईना. ते त्याने आपल्यासाठी मागून घेतलं आणि ऑगस्ट 1990 मध्ये सिंगल काढलं. ते चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. म्हणजे इथे डेमो आणि सिंगल यांचा गळा एकच आहे. मग फरक कशात? सिंगलच्या शेवटी स्टुडिओत जमवलेला गोतावळा कोरसमध्ये ओरडून गातो. गर्दीसाठी केलेल्या गाण्यात निर्मात्याने गर्दीच आणून बसवली. मार्क चेस्नटनेही त्याच सुमारास हे गाणं गायलं. ते चांगलं आहे, पण त्यात ही गर्दी नाही.

तिसरा संप्रदाय वर्कटेपचा. बँडही नको, भाड्याचा गायकही नको. गाणं पुरं झालं त्याच खोलीत फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचं. लोरी मकेना, हिलरी लिंडसी आणि लिझ रोझ या तिघींनी लिहिलेलं 'गर्ल क्रश' असंच गेलं आणि लिटल बिग टाउन या गटाने ते जवळपास त्याच उघड्या अंगाने रेकॉर्ड केलं. मकेना मॅसॅच्युसेट्समध्ये राहते, पाच मुलांची आई. 'हंबल अँड काइंड' तिने मुलांना सांगायच्या गोष्टी म्हणून घरीच लिहिलं आणि गायक टिम मग्रॉला पाठवून दिलं. 2017 मध्ये त्याला सर्वोत्तम कंट्री गाण्याचं ग्रॅमी मिळालं. आणि चौथा, सध्याचा प्रकार: लिहिणाऱ्यांतलाच एक जण लॅपटॉपवर संगीत बांधत जातो आणि संध्याकाळी हाती येतो तो डेमो जवळजवळ सिंगलच असतो. त्यात गायकाला आत शिरायला फट उरत नाही, असं या पुस्तकाला वाटतं, आणि त्याच्याशी सहमत व्हावंसं वाटतं.

सिंगल नेहमी डेमोवर काही तरी चढवतं असाही समज आहे. तो अर्धाच खरा. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन यांचं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' निर्माता बिली शेरिलकडे आलं तेव्हा त्याने ते पुनःपुन्हा लिहायला लावलं. गाण्यातली बाई नायकाच्या अंत्ययात्रेला आली पाहिजे, असा त्याचा हट्ट. गायक जॉर्ज जोन्सला गाणं पसंत नव्हतं. असलं रडकं गाणं कोण विकत घेणार, असं त्याचं म्हणणं. व्यसनाने तो तेव्हा पार मोडलेला होता, गाता गाता क्रिस्टोफरसनच्या दुसऱ्याच गाण्याच्या चालीवर घसरायचा, आणि मधला गद्य भाग नीट मिळेपर्यंत फार काळ गेला. 1980 मध्ये सिंगल आलं आणि कंट्री म्युझिक असोसिएशनचं सर्वोत्तम गाण्याचं पारितोषिक 1980 आणि 1981, दोन्ही वर्षी त्यालाच मिळालं. या गाण्याचा मूळ डेमो कोणता म्हणायचा? निर्मात्याने बदलायला लावलेला मजकूरही गीतकारांचाच होता.

म्हणूनच 'मूळ तेच खरं, साधं तेच प्रामाणिक' या मताशी हे पुस्तक वाद घालतं. ते मत गेल्या काही दशकांत फार बोकाळलं, आणि त्याला कारणंही आहेत. विली नेल्सन नॅशव्हिलला कंटाळून टेक्ससला परतला आणि 1975 मध्ये त्याने 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हा अल्बम थोडक्या वाद्यांवर रेकॉर्ड केला. तो ऐकून कोलंबियाच्या अधिकाऱ्यांना वाटलं की हा डेमोच आहे. करारामुळे तो तसाच काढावा लागला. त्यातलं 'ब्लू आइज क्राइंग इन द रेन' हे विलीचं गायक म्हणून पहिलं क्रमांक एकचं गाणं ठरलं. लिहिलेलं मात्र दुसऱ्याने, एकफ-रोझच्या त्याच फ्रेड रोझने. 1982 मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनने घरी चार ट्रॅकच्या कॅसेटवर केलेले डेमोच 'नेब्रास्का' म्हणून काढले. 1994 मध्ये कॅशचा 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज' एक गिटार आणि एका गळ्यावर आला. यातून उघडंवाघडं रूप हीच एक शैली झाली. पण शैली म्हणून निवडलेला साधेपणा आणि पैशाअभावी आलेला साधेपणा कानाला सारखे लागले तरी एक नव्हेत. 'क्रेझी'च्या डेमोतला विली साधा राहू पाहत नव्हता. त्याला गाणं खपवायचं होतं.

हा विषय आताच का, याचं उत्तर यंत्राकडे आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत नॅशव्हिलमधल्या गीतकारांनी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून डेमो करून घ्यायला सुरुवात केली आहे. शब्द आणि गुणगुणलेली चाल दिली की बँडसकट, गळ्यासकट गाणं मिनिटभरात मिळतं. डेमो गाणाऱ्यांचं आणि डेमोच्या बैठकींवर पोट असलेल्या वादकांचं काम त्यात बुडतं. उद्याचा ब्रूक्स किंवा यरवूड कुठे तयार होणार हा प्रश्न त्याहून मोठा आहे. टेनेसी राज्याने 2024 मध्ये माणसाच्या आवाजाची यांत्रिक नक्कल रोखणारा कायदा केला, त्याला एल्व्हिसचं नाव मिळालं. त्याच वर्षी रँडी ट्रॅव्हिसचं 'व्हेअर दॅट केम फ्रॉम' आलं. 2013 च्या पक्षाघाताने ट्रॅव्हिसचं गाणं थांबलं होतं. जेम्स डुप्रे या गायकाने ते गायलं आणि ट्रॅव्हिसच्या संमतीने त्यावर त्याचा जुना आवाज यंत्राने चढवला. डुप्रेने इथे जे केलं ते डेमो गायकाचंच काम: दुसऱ्याच्या गळ्यासाठी गाणं. फक्त तो दुसरा गळा पुढे कधी येणारच नव्हता.

पुस्तकाचा आवाका आणि मर्यादा सांगायला हव्यात. प्रत्येक प्रकरण डेमो-सिंगलच्या एका जोडीभोवती आहे, पण ही 'आधी असं, नंतर असं' छापाची तुलना नाही. शब्द कुठे बदलले, पट्टी कुठे सरकली, कोणतं कडवं गळालं, आणि तो निर्णय कुणाचा, याचा माग काढलेला आहे. जिथे डेमो ऐकायला मिळत नाही तिथे तर्काचे इमले बांधलेले नाहीत. याचा एक तोटा दिसतो. जपून ठेवलेले आणि पुढे प्रसिद्ध झालेले डेमो बहुतेक नामवंत पुरुषांचे आहेत. सिंडी वॉकरने 1940 पासून बॉब विल्सपासून एडी अर्नल्डपर्यंत सगळ्यांना गाणी पुरवली. फेलिस ब्रायंटने नवरा बुडलोबरोबर 'बाय बाय लव्ह' लिहिलं, ते एव्हर्ली बंधूंनी 1957 मध्ये घेण्याआधी कितीएक गायकांनी नाकारलं होतं. अ‍ॅलिस रँडल ही पहिल्या क्रमांकावर गेलेल्या कंट्री गाण्याची सहगीतकार झालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. ते गाणं यरवूडने 1994 मध्ये गायलं. या बायकांच्या वाट्याला डेमोंचे देखणे संच आले नाहीत. लेखकाने त्यांच्यासाठी वेगळं प्रकरण राखलं आहे. ते आकाराने लहान आहे, आणि पुढच्या आवृत्तीत ते वाढावं.

संगीताचं व्याकरण न येणाऱ्यालाही हे पुस्तक वाचता येईल. कॉर्ड, पट्टी, ठेका हे शब्द गरजेपुरते येतात आणि तिथेच उलगडतात. सुरुवात कुठून करावी असं विचारलं तर 'द गॅम्बलर'च्या प्रकरणापासून. डॉन श्लिट्झ रात्रपाळीला संगणक चालवायचा आणि दिवसा गाणी घेऊन म्युझिक रोवर फिरायचा. हे गाणं त्याने विशीत लिहिलं. 1978 मध्ये बॉबी बेअरने ते गायलं, जॉनी कॅशने गायलं, खुद्द श्लिट्झचं सिंगल 65व्या क्रमांकावर अडकलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केनी रॉजर्सचं सिंगल आलं आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं. कॅश आणि रॉजर्स या दोघांचाही निर्माता एकच, लॅरी बटलर. त्याने रॉजर्सकडून सुरुवात हलक्या आवाजात, जवळजवळ कुजबुजत करून घेतली आणि गाणं तापल्यावर पट्टी वर चढवली. चारही ध्वनिमुद्रणं आज सहज मिळतात. ती पाठोपाठ ऐकून मग ते प्रकरण उघडावं.